नोटीस दडवू नका, दिवस मोजा

– एक कापड व्यापारी, भोर

आपल्या बाजारात 'दिवाळे' हा शब्द हळू आवाजात उच्चारला जातो. एखाद्याचे दुकान बसले, हप्ते थकले, की लोक त्याला दिवाळखोर म्हणून मोकळे होतात. या शब्दाच्या शेवटी जो 'खोर' आहे, तो चुगलखोर, लाचखोर, भांडखोर या शब्दांतलाच आहे. म्हणजे पैसे संपणे ही जणू त्या माणसाची खोडच! कायद्याच्या मराठीत मात्र याच माणसाला 'नादार' म्हणतात. माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाल्यामुळे हा शब्द लहानपणापासून माझ्या ओळखीचा आहे. नादार म्हणजे ज्याच्यापाशी नाही तो. त्यात शिवी नाही, फक्त स्थिती सांगितली आहे.

बाजाराने दिलेल्या शब्दामुळे माणूस लपतो आणि लपल्यामुळे त्याचे घर जाते, असे माझे मत आहे. घर लिलावाच्या दिवशी जात नाही. पहिला हप्ता चुकल्यापासून नोटिशीची मुदत संपेपर्यंत जे पाच-सहा महिने गप्प बसण्यात जातात, त्या काळात ते जाते. म्हणून व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी हा विषय सविस्तर मांडत आहे. व्याज द्यावे-घ्यावे की नाही, हा प्रश्न मोठा आहे आणि तो या लेखाचा विषय नाही. ज्यांनी सही करून ठेवली आहे, त्यांच्यापुढे आज कोणते मार्ग आहेत, एवढेच पाहायचे आहे.

गावठाणातले घर आता तारण झाले

भोर आणि वेल्हे (या तालुक्याचे नाव आता राजगड झाले असले तरी बाजारात अजून वेल्हेच म्हणतात) या भागात राहत्या घरावर कर्ज काढण्याची चाल तशी नवी आहे. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यापलीकडे कागद नसे. अशा घरावर बँका सहसा कर्ज देत नसत. आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. घराला मिळकत पत्रिका आणि सनद मिळू लागली. घराचा कागद झाला ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्या कागदावर कर्ज मिळते त्याच कागदावर जप्तीही येते, हे कोणी सांगितले नाही.

दुसरीकडे पुणे शहर महामार्गाने खेड शिवापूर, नसरापूर, कापूरहोळपर्यंत सरकत आले. आपल्या मुलांनी तिथे हप्त्यावर घरे घेतली. तिसरा प्रकार आपल्या दुकानदारांचा. लग्नसराईचा, ईदचा किंवा दिवाळीचा माल भरायला घर तारण ठेवून कर्ज काढायचे आणि हंगामात फेडायचे, असा हिशेब असतो. पण गिऱ्हाईक पुण्याच्या मोठ्या दुकानांकडे आणि मोबाईलवरच्या खरेदीकडे वळले. माल पडून राहिला, उधारी अडकली, हप्ता मात्र तारखेला हजर! शिलाईवाले, गाद्या भरणारे, वेल्डर, गवंडी यांचीही हीच कथा आहे. त्यांची कमाई हंगामी असते आणि हप्ता बारमाही.

दिवाळ्याचा अर्ज गहाण घर सोडवत नाही

आपल्याकडे एक समज पक्का आहे की कोर्टात दिवाळ्याचा अर्ज दिला की सगळे सुटले. हा समज अर्धा खरा आहे आणि नेमका घराच्या बाबतीत खोटा आहे.

मुंबई शहराबाहेर, म्हणजे आपल्यालाही, आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू आहे. निदान ५०० रुपयांचे देणे असलेला आणि ते फेडू न शकणारा माणूस या कायद्याखाली अर्ज करू शकतो. न्यायालयाने त्याला नादार ठरवले की त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. ती विकून सर्व देणेकऱ्यांना हिश्श्याने पैसे वाटले जातात. माणूस प्रामाणिक असेल तर शेवटी न्यायालय त्याला देण्यातून मुक्त करते. उसनवारी, व्यापाऱ्याची बाकी, विनातारण कर्ज यांच्या जाचातून सुटण्याचा हा मार्ग खरा आहे. पण याच कायद्यात लिहिले आहे की तारण असलेल्या धनकोच्या हक्काला धक्का लागत नाही. ज्या बँकेकडे घर गहाण आहे, ती बँक आपले तारण वसूल करायला मोकळीच राहते.

हा कायदा किती जुना आहे ते पाहा. मुक्त न झालेल्या नादाराने ती गोष्ट न सांगता ५० रुपयांची उधारी घेतली, तर तो अपराध ठरतो. आज ५० रुपयांत शर्टाचे अस्तरही येत नाही.

संसदेने २०१६ मध्ये नवी दिवाळखोरी संहिता केली. तिच्या तिसऱ्या भागात सामान्य माणसासाठी आणि छोट्या व्यवसायासाठी तरतुदी आहेत. कंपन्यांचा भाग लगेच सुरू झाला. व्यक्तींच्या भागापैकी कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांचा तेवढा तुकडा १ डिसेंबर २०१९ पासून सुरू झाला. तुमच्या-माझ्यासाठी असलेला भाग कायद्याच्या पुस्तकातच आहे. त्यात लहान कर्जदाराला नव्याने सुरुवात करू देणारी एक योजना आहे. तिच्या अटी अशा: वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपेक्षा जास्त नको, मालमत्ता २०,००० च्या आत, कर्ज ३५,००० च्या आत, आणि स्वतःचे राहते घर असता कामा नये, मग ते गहाण असो वा नसो! म्हणजे घर वाचवू पाहणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवले आहे.

अमेरिकेत कर्जदार दिवाळखोरी कायद्याच्या तेराव्या प्रकरणाखाली अर्ज करतो, तेव्हा अर्ज दाखल होताच घराची जप्ती सहसा थांबते. मग थकलेले हप्ते तीन ते पाच वर्षांत फेडण्याची योजना न्यायालय मंजूर करते आणि माणूस घरातच राहतो. आपल्याकडे असे दार नाही. म्हणून दिवाळ्याच्या अर्जावर भरवसा ठेवून घराची नोटीस बाजूला टाकू नये.

दीडशे वर्षे तोच अपवाद

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला करून कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. भोर त्या वेळी पंतसचिवांचे संस्थान होते, पण दुष्काळ आणि कर्ज यांना संस्थानची हद्द कुठे ठाऊक? त्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये इंग्रज सरकारने दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. रोख्यावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता मूळ देणे किती होते, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. शेतकऱ्याची जमीन आणि घर साध्या हुकूमनाम्यात विकता येणार नाही, असेही ठरले. मात्र ती मिळकत खास गहाण दिलेली नसेल तरच!

पुढे १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता आली. तिच्या कलम ६० प्रमाणे कारागिराची हत्यारे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांवर जप्ती आणता येत नाही. शेतकरी, मजूर आणि घरगुती नोकर यांचे राहते घरही जप्तीबाहेर आहे. म्हणजे शिलाईवाल्याचे मशीन साध्या देण्यासाठी कोणी उचलून नेऊ शकत नाही. परंतु तेच मशीन कर्जाला तारण लिहून दिले असेल, किंवा तेच घर गहाण असेल, तर ही सवलत उपयोगी पडत नाही. १९२० च्या कायद्यात हेच आणि २००२ च्या सरफेसी कायद्यातही हेच.

कायद्याने आजवर कर्जदाराला पुष्कळ दिले, पण गहाण ठेवलेले घर कधीही दिले नाही. जो व्यापारी दुकानाच्या मालासाठी घर गहाण टाकतो, तो व्यापाराचा धोका बायकामुलांच्या डोक्यावर ठेवतो. माल तारण ठेवा, यंत्र तारण ठेवा, लहान दुकान चालवा, पण दुकानाचे देणे राहत्या घरावर नेऊ नका, असे मी माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक तरुण दुकानदाराला सांगतो.

बँकेची पायरी आणि आपले दिवस

सही झालेली आहे आणि हप्ते थकले आहेत, अशा बंधूंनी पुढील दिवस पाठ करावेत.

हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर बँक सरफेसी कायद्याच्या कलम १३ (२) प्रमाणे नोटीस देते. ही नोटीस ६० दिवसांची असते. या ६० दिवसांत लेखी हरकत देण्याचा हक्क कर्जदाराला आहे. हरकत आली की १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. हिशेब चुकला असेल, भरलेला हप्ता जमा दिसत नसेल, दंड जास्त लावला असेल, तर तो याच वेळी लिहून द्यावा. १ एप्रिल २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दंडव्याज लावता येत नाही. वाजवी दंड आकार घेता येतो, पण तो मुद्दलात मिळवून त्यावर व्याज चढवता येत नाही.

नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. ६० दिवस संपले की बँक ताबा घेऊ शकते. आधी कागदोपत्री ताब्याची नोटीस दारावर लागते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. ताब्याची कारवाई झाल्यापासून ४५ दिवसांत पुण्याच्या ऋण वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. दिवाणी कोर्टात या कारवाईवर मनाई मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे. भोरचे वकील स्पष्ट सांगतात, पण पुष्कळ लोक तिथेच दोन-तीन आठवडे घालवतात.

लिलावाआधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. २०१६ च्या दुरुस्तीपूर्वी विक्री होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येत असे. आता लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्यापूर्वीच सर्व बाकी खर्चासह भरली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले आहे. लिलावाच्या दिवशी पैशाची पिशवी घेऊन धावणाऱ्यांचे दिवस संपले.

आणखी तीन गोष्टी. मुद्दल-व्याजाच्या एकूण रकमेपैकी २० टक्क्यांपेक्षा कमी बाकी उरली असेल, तर हा कायदा लावता येत नाही. शेतजमीन या कायद्याच्या बाहेर आहे. मात्र सातबाऱ्यावर शेती लिहिले आहे एवढ्यावर भागत नाही, जमीन खरोखर शेतीची असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले. बिगरशेती न करता शेतात बांधलेल्या घराचा मालक 'माझ्या सातबाऱ्याला बँक हात लावू शकत नाही' म्हणून निर्धास्त बसला, तर तो फसेल. तिसरी गोष्ट सहकारी बँकांची. हा कायदा सहकारी बँकांना लागू आहे की नाही, हा वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात २०२० मध्ये घटनापीठाने तो लागू आहे, असा निकाल दिला.

बँकच बंद पडली तर कर्ज बुडाले, असे समजणारेही भेटतात. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला. बँकेचा परवाना गेला तरी कर्जदाराचे देणे राहतेच. ते अवसायक वसूल करतो.

पतसंस्थेचा रस्ता निराळा

आपल्या भागातले बरेच कर्ज पतसंस्थांचे असते. त्यांना सरफेसी लागू नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० च्या कलम १०१ खाली त्या निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवतात. दाखला देण्यापूर्वी कर्जदाराला आणि जामीनदारांना नोटीस येते, सुनावणी होते. या सुनावणीला आपले लोक जात नाहीत! 'आपलीच संस्था, बघतील सांभाळून,' असे म्हणत घरी बसतात. दाखला निघाल्यावर वसुली अधिकारी जप्ती आणि विक्री करू शकतो. त्यानंतर फेरतपासणीचा अर्ज करायचा तर वसुलीच्या रकमेपैकी ५० टक्के आधी भरावे लागतात. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत, तो निम्मी रक्कम कुठून आणणार? म्हणून जे बोलायचे ते पहिल्या सुनावणीला हजर राहून, लेखी आणि पोच घेऊन बोलावे.

पाऊण टक्क्यासाठी पाच टक्के

घर घालवण्याचा सर्वांत जलद मार्ग बँकेच्या दारात नाही, तो खासगी सावकाराच्या ओट्यावर आहे. एक हिशेब करू. समजा १२ लाखांचे गृहकर्ज, ९ टक्के व्याज आणि २० वर्षे मुदत आहे. हप्ता सुमारे १०,८०० रुपये होतो. तीन हप्ते थकले म्हणजे ३२,४०० रुपये. लाजेपोटी हे पैसे सावकाराकडून शेकडा पाचने उचलले, तर दरमहा १,६२० रुपये नुसते व्याज झाले आणि मुद्दल जागेवरच. बँकेकडे याच रकमेवर महिन्याला पाऊण टक्का, म्हणजे सुमारे २४३ रुपये व्याज आणि वर दंड आकार. पाऊण टक्क्याचे देणे भागवायला पाच टक्क्यांचे देणे करणारा माणूस व्यापारी कसला? पण भीतीपोटी भले भले हा व्यवहार करतात.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परवानाधारकालाही बिगरशेती कर्जावर तारण असल्यास वर्षाला १५ आणि तारण नसल्यास १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. हा दामदुपटीचा जुना नियम आहे. पूर्वी मुंबई इलाख्यातील न्यायालये तो मूळ कर्जदार हिंदू असेल तरच लावत; मुसलमान कर्जदाराला त्याचा लाभ नव्हता. आजच्या कायद्याने तो सर्वांना दिला आहे, पण आपल्या लोकांना हे माहीतच नाही.

याहून मोठा धोका खरेदीखताचा. सावकार गहाणखत करत नाही, 'विश्वासाचे' खरेदीखत करून घेतो. पैसे फेडल्यावर घर परत लिहून देण्याचे तोंडी ठरते आणि पुढे तो शब्द पाळला जात नाही. सावकारीच्या व्यवहारात गेल्या १५ वर्षांत अशी गेलेली मिळकत चौकशी करून परत देण्याचा अधिकार २०१४ च्या कायद्याने जिल्हा उपनिबंधकांना दिला आहे. पैसे दिल्या-घेतल्याच्या चिठ्ठ्या, बँकेच्या नोंदी, साक्षीदार, आणि घराचा ताबा अजून आपल्याकडेच असल्याचा पुरावा म्हणून वीजबिल आणि घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

कोरे धनादेशही देऊ नयेत. धनादेश परत गेला तर १८८१ च्या कायद्याच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निव्वळ देणे फेडता आले नाही म्हणून कैद होत नाही. प्रामाणिक असमर्थता हा गुन्हा नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. वसुलीसाठी येणारे 'उद्या पोलीस घेऊन येतो' म्हणतात, त्यांना हे शांतपणे सांगावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करण्यास मनाई आहे.

जामीनदार आणि वारस

जामिनाची सही आपल्याकडे चहाच्या कपावर होते. करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी कर्जदाराकडे जाईल आणि मग माझ्याकडे येईल, असे नसते. ती थेट जामीनदाराकडे येऊ शकते. म्हणून कर्जदाराने हप्ता चुकताच पहिला निरोप जामीनदाराला द्यावा. तो त्याचा हक्क आहे.

वारसांच्या बाबतीत आपल्या शरियत कायद्यातला एक नियम उपयोगाचा आहे. मयताच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग देणे, मग वसियत आणि शेवटी वाटणी. देणे मालमत्तेतून फेडायचे असते. वारसाला जेवढा हिस्सा आला, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. स्वतः सही केलेली नसताना मुलाने बापाच्या कर्जासाठी आपली कमाई लिहून देण्याची कायद्याने सक्ती नाही. तसेच आजोबांच्या नावावरचे घर एकाच भावाने गहाण दिले असेल, तर तो आपल्या हिश्श्यापलीकडे बहिणींचा आणि इतर भावांचा हिस्सा गहाण देऊ शकत नाही. या घरातल्या बहिणींनी नोटीस पाहताच लेखी हरकत घ्यावी. कर्ज घेताना विमा काढला होता का, हेही मयताच्या घरच्यांनी कर्जाच्या खातेउताऱ्यावर तपासावे. पुष्कळदा हप्ता कापला गेलेला असतो आणि घरच्यांना पत्ता नसतो.

मग करावे काय?

पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच बँकेत जाऊन लेखी अर्ज द्यावा. मुदत वाढवून मिळते, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. वरच्या उदाहरणात मुदत २० ऐवजी २५ वर्षे केली, तर हप्ता सुमारे १०,०७० होतो, म्हणजे महिन्याला सातशे-साडेसातशेचाच दिलासा. कमाई निम्म्यावर आली असेल तर एवढ्याने भागणार नाही. अशा वेळी मन घट्ट करून घर स्वतः विकावे. बँकेच्या संमतीने, सावकाश गिऱ्हाईक पाहून केलेल्या विक्रीला जो भाव येतो, तो लिलावात सहसा येत नाही. लिलावात देणे फिटून उरलेले पैसे मालकाचे असतात हे खरे. पण कमी पडले तर बाकीसाठी बँक पुन्हा मागे लागू शकते. घर विकून लहान घरात जाणे ही बेअब्रू नव्हे. पुढच्या पिढीला देण्याशिवाय ठेवणे हीच खरी इज्जत.

एकरकमी तडजोड हा दुसरा मार्ग. ती हक्क म्हणून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. ती बँकेच्या मर्जीवर आहे. म्हणून पैसे हातात असताना बोलणी करावीत, मंजुरी लेखी घ्यावी आणि मुदत पाळावी. पतपत्रावर 'तडजोड' असा शेरा पडतो आणि पुढचे कर्ज कठीण होते, हेही समजून घ्यावे. लोकअदालतीत फी लागत नाही. तिचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो.

कर्ज पूर्ण फिटले तर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे.

सरकारने आणि आपण

सरकारकडे मागणे तीन आहे. २०१६ च्या संहितेतील व्यक्तींचा भाग सुरू करावा, त्यातल्या उत्पन्नाच्या आणि कर्जाच्या मर्यादा आजच्या महागाईला धरून वाढवाव्यात, आणि एकुलत्या राहत्या घराच्या थकलेल्या हप्त्यांना तीन वर्षांची मोहलत देणारी तरतूद त्यात घालावी. १९७५ च्या कर्जमुक्ती कायद्यात या राज्याने ग्रामीण कारागिराचा विचार केला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो कायदा उचलूनही धरला होता. मी सरसकट कर्जमाफी मागत नाही. मीही उधारी देणारा माणूस आहे. घेतलेले बुडवायची सवय लागली तर बाजार चालत नाही, हे मी जाणतो. मी फक्त वेळ मागतो. दुसरे, नोटीस मराठीत असावी. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक नोटिसा इंग्रजीत होत्या. मुदत कळली नाही, तर ती दिली काय आणि न दिली काय! तिसरे, महिन्यातून एकदा तरी न्यायाधिकरणाचे काम समजावणारा माणूस तालुक्याला बसावा. वेल्ह्याच्या गवंड्याने पन्नास-साठ किलोमीटर जाऊन कोणत्या खिडकीवर उभे राहायचे?

आणि आपण? तंगीत असलेल्या देणेकऱ्याला मोहलत द्यावी, ही शिकवण आपण सर्वजण ऐकत आलो आहोत. ती बाजारात दिसली पाहिजे. दहा दुकानदारांनी मिळून थोडी थोडी रक्कम बिनव्याजी बाजूला ठेवली, तर एखाद्याचे दोन-तीन हप्ते वेळेवर भरले जातील आणि खाते ९० दिवसांची रेषा ओलांडणार नाही. त्याहून स्वस्त काम म्हणजे आठवडे बाजाराच्या दिवशी वाचता येणाऱ्या दोघा-तिघांनी एका दुकानात बसून लोकांचे बँकेचे कागद वाचून दाखवणे. त्याला पैसा लागत नाही, दोन तास लागतात.

ज्यांच्या घरी आज एखादे पाकीट न उघडता कपाटात पडून आहे, त्यांनी ते आजच उघडावे. वरची तारीख पाहावी, साठ दिवस मोजावेत आणि उरलेल्या दिवसांत बँकेची, वकिलाची आणि जामीनदाराची गाठ घ्यावी. ज्याच्यापाशी नाही तो नादार. पण ज्याच्यापाशी अजून मुदत आहे तो तेवढाही नादार नाही.